जुन्या एस्टीममधे कोणतं इंजिन घालायचं? इंजिन शेवटी ठरव, आधी बाकीचं पाह

भाऊ, तुझा प्रश्न पूर्ण वाचला. काकांकडून आलेली १९९८ ची मारुती एस्टीम, कार्ब्युरेटरवाली, फ्लोअर सडलेला नाही, दीड लाख बाजूला काढून ठेवलेत, अन् विचारून राहिला की होंडाचं बी१६ घालू, ब्रेझा-सियाझचं के१५, एसएक्सफोरचं एम१६, जुन्या बलेनोचं १.६, की एस्टीमचंच १.३ एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणारं). पाचही इंजिनांची हॉर्सपॉवर लिहिलीस, पण सगळ्यात महत्त्वाचं वाक्य एकदम शेवटी टाकलंस, की गाडी नागपुरातून रोज हिंगण्याला कंपनीत न्यायची आहे अन् वर्षातून एखाद-दोनदा ट्रॅक डे, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस. माझ्या हिशोबानं तुझं अर्धं उत्तर त्या वाक्यातच आहे.

कारण रोजची गाडी अन् ट्रॅकची गाडी यांना लागणारं इंजिन वेगळं असतं. ट्रॅकची गाडी ट्रेलरवर जाते, वीस मिनिटं पळते, गरम झाली तर बॉनेट उघडून उभी करता येते. तुझी गाडी मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकात एसी लावून सिग्नलला उभी राहणार, मग घरी येणार, मग दुसऱ्या दिवशी सकाळी एका सेल्फमधे चालू झाली पाहिजे, नाहीतर दोन महिन्यात तूच वैतागून ती विकायला काढशील. अर्धवट स्वॅप केलेल्या, म्हणजे मूळ इंजिन काढून दुसरं घातलेल्या, गाड्या विकायला निघतात त्या बहुतेक याच कारणानं निघतात, पॉवर कमी पडली म्हणून क्वचितच.

आता कागदाचं आधी बोलून घेऊ, कारण हे कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं जी गाडी बनवली अन् आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करायची नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात १८२ ए आलं, त्यात मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं लिहिलंय. बिघडलेलं इंजिन काढून तसंच दुसरं बसवणं ही गोष्ट आरटीओला माहीत आहे, त्याची परवानगी अन् आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवणं हा रस्ता आहे. पण १.३ च्या जागी १.६, किंवा मारुतीत होंडा, याला रस्त्यावरच्या गाडीसाठी रस्ताच नाही असं समजून चाल. अन् तुझी गाडी ९८ ची, म्हणजे पंधरा वर्षं २०१३ ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग, म्हणजे पुढचं २०२८ ला. तेव्हा इन्स्पेक्टर बॉनेट उघडून इंजिन नंबर वाचणार. त्याच्या आधी कुठं ठोकली अन् समोरच्याला लागलं तर इन्शुरन्सवाले पहिले हेच शोधतात. एमएच ३१ असो, ४० असो की ४९, आपल्या आरटीओत जाऊन आधी विचार, अन् काम सुरू करायच्या आधी विचार, झाल्यावर नाही.

म्हणून मी रोजच्या गाडीला अन् फक्त ट्रॅकच्या गाडीला दोन वेगळी उत्तरं देतो. पण उत्तराआधी इंजिन कसं निवडतात ते सांगतो, म्हणजे उद्या एस्टीमच्या जागी झेन आली तरी तुझं तुला समजेल.

स्वॅपमधे इंजिन हा सगळ्यात सोपा भाग असतो. अवघड असतं ते त्याच्या आजूबाजूचं: गिअरबॉक्स, माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), पेट्रोलचा पंप, एक्झॉस्ट, रेडिएटर. यातल्या जेवढ्या गोष्टी मूळ गाडीच्या घराण्यातल्या असतील तेवढं काम कमी अन् तेवढी डोकेदुखी कमी. मी म्हणून पहिले हे विचारतो की या इंजिनाचा गिअरबॉक्स माझ्या गाडीत कुठं बसतो, अन् त्याच्यातून निघणारा शाफ्ट माझ्या चाकापर्यंत सरळ जातो का. बीएचपी, म्हणजे हॉर्सपॉवरचा आकडा, नंतर.

या चाळणीतून होंडाचं बी१६ पहिले गळतं. इंजिन फार सुंदर आहे, १५९५ सीसी, व्हीटेक, जपानमधे ८९ मधेच १६० पीएसला (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) आलेलं, मला स्वतःला त्याचा वरचा आवाज लय आवडतो. पण जुनी होंडा इंजिनं उलट्या दिशेनं फिरतात. म्हणजे सुझुकीचा गिअरबॉक्स त्याला लावणं विसर, होंडाचाच लावावा लागणार, अन् तो एस्टीमच्या गिअरबॉक्सच्या विरुद्ध बाजूला येतो. मग दोन्ही बाजूचे माउंट नवे, शाफ्ट नवे बनवायचे, गिअरची लिंकेज नवी, वायरिंग सगळं नवं. त्यात हे इंजिन इथं विकलं गेलेलं नाही, जे येतं ते कुठून तरी आणलेलं, बिल नाही, कस्टमचा कागद नाही. दीड लाखात तुझं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहील. होंडाची हौसच असेल तर जुनी होंडा सिटी घे, १.५ व्हीटेकवाली, त्या गाडीत होंडाचं काम करायला मजा येते.

के१५ चं आकर्षण मला समजतं. इंजिन नवं भेटतं, अपघातातल्या गाड्यांमधून कमी चाललेलं भेटतं, १०५ पीएस आहे. पण ते इंजिन एकटं जगत नाही. थ्रॉटलला केबल नाही, पेडल इलेक्ट्रॉनिक, चावीतला इम्मोबिलायझर ईसीयूशी जुळलेला, ईसीयूला मीटरशी बोलायचंय, कित्येक गाड्यांत स्मार्ट हायब्रिडचा आयएसजी (स्टार्टर अन् जनरेटर एकातच) पण आहे. हे सगळं ९८ च्या गाडीत चालवायचं तर एकतर पूर्ण डोनर गाडीचं (जिच्यातून सामान काढायचं ती) वायरिंग पेडल, मीटर, चावीसकट उचलून आणायचं, नाहीतर स्टँडअलोन, म्हणजे बाहेरचा वेगळा ईसीयू घालून मॅप (किती पेट्रोल अन् कधी ठिणगी याचा तक्ता) नव्यानं लिहायचा. दुसऱ्या रस्त्याला ईसीयूचे पैसे वेगळे अन् ट्यूनरचे वेगळे, तो बाहेरगावाहून आला तर त्याचं येणं-राहणं पण तुझ्याच बजेटमधून. एम१६ थोडं सोपं, टायमिंग चेनवालं, टॉर्क मस्त, पण ते एस्टीमच्या इंजिनाच्या, म्हणजे सुझुकीच्या 'जी' सिरीजच्या घराण्यातलं नाही, माउंट बनवावेच लागतात. मी ते काम केलंय, चांगलं होतं, पण ज्या गिऱ्हाईकाचं केलं त्याच्याकडे रोजची गाडी दुसरी होती.

उरली दोन, अन् दोन्ही एकाच घराण्यातली.

तुझ्या गाडीत आत्ता 'जी' सिरीजचं १.३ आहे, कार्ब्युरेटर, ६५ बीएचपी. त्याचंच १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय भावंड, जी१३बीबी, ८५ बीएचपी देतं, अन् सीसी तेच १२९८. बलेनोचं जी१६बी म्हणजे १५९० सीसी, ९४ बीएचपी, टॉर्क १३० न्यूटनमीटरच्या आसपास. आता गणित पाह. गाडी साधारण पावणेनऊशे किलोची. ६५ वरून ८५ म्हणजे तीस टक्क्यांची उडी. ८५ वरून ९४ म्हणजे जेमतेम दहा टक्के. पहिली उडी स्वस्त आहे अन् एस्टीमचंच सामान वापरून होते, दुसऱ्या छोट्या उडीला कागद, माउंट, डोनर सगळंच महाग. म्हणून पोट्टे आले अन् थेट १.६ म्हणाले की मी आधी त्यांना एका धडधाकट एमपीएफआय एस्टीममधे बसवून फिरवून आणतो, त्यातले बरेच तिथंच थांबतात.

१.६ चं खरं वेगळेपण बीएचपीत नाहीच. १.३ चा बोअर ७४ अन् स्ट्रोक ७५.५ मिलीमीटर, म्हणजे जवळपास चौकोनी, त्याला वर फिरायला आवडतं. १.६ चा बोअर ७५ पण स्ट्रोक ९०. लांब स्ट्रोक, म्हणून ब्लॉक उंच, म्हणून खालच्या आरपीएमला ओढ जास्त. गावात दुसऱ्या गिअरमधे दाबलं की फरक लगेच कळतो. पण ब्लॉक उंच म्हणजे बॉनेटखाली जागा मोजावी लागते, नाहीतर संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) खाली येतो, अन् आपल्या गल्लीतले स्पीडब्रेकर कोणत्या मापात बनवतात ते तुला माहीतच आहे. रस्ते सिमेंटचे झाले, स्पीडब्रेकर होते तसेच राहिले.

एक फसवणूक इथं नेहमी होते. जी१३ म्हणून विचारलं की भंगारवाला जिप्सीचं किंवा व्हर्साचं इंजिन दाखवतो. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जिप्सींमुळे ही इंजिनं फिरत असतात अन् स्वस्त वाटतात. घराणं तेच, पण त्या गाड्यांत इंजिन उभं बसतं, म्हणजे गाडीच्या लांबीत, अन् मागच्या चाकांकडे शाफ्ट जातो. एस्टीममधे इंजिन आडवं. त्यामुळे संप, मॅनिफोल्ड, माउंटचे ब्रॅकेट, पाण्याच्या पाइपांची तोंडं हे सगळं वेगळं निघतं. ब्लॉक-हेड कामात येतं पण बाकी सामान तुझ्या जुन्या इंजिनावरून नाहीतर दुसऱ्या एस्टीमवरून जमवत बसावं लागतं, अन् ते जमवता जमवता स्वस्ताई संपते. एस्टीमचंच घे, २००७ पर्यंत ती गाडी बनत होती, भेटते अजून.

अन् घेताना सुटं इंजिन घेऊ नको, पूर्ण डोनर गाडी घे, चालू अवस्थेत, भले बॉडी चेपलेली असो. सुट्या इंजिनासोबत तुला सेन्सर भेटत नाहीत, क्लिपा कापलेल्या असतात, ईसीयू दुसऱ्याच गाडीचा टेकवतात. पूर्ण गाडीतून तुला गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्ट, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, न कापलेलं वायरिंग, ईसीयू अन् पंपासकट पेट्रोलची टाकी असं सगळं एका जातीचं भेटतं. टाकी लोक विसरतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप साधा, दाब नावापुरता. एमपीएफआयला साधारण तीन बारचा दाब लागतो, टाकीतला इलेक्ट्रिक पंप लागतो, जुन्या रबरी होजवर तो दाब दिला तर होज क्लिपातून सुटतो अन् पेट्रोल गरम एक्झॉस्टवर. आता पंपावर ई२० येतंय, तेव्हा जुने रबरी पाइप तर सगळेच बदल, इथेनॉल जुन्या रबराला खातं.

डोनर पाहायला जाशील तेव्हा सकाळी जा, त्याला आधी सांगून ठेव की गाडी चालू करून ठेवू नको. हात लावून पाह इंजिन थंड आहे का. मग ऑइलचं झाकण उघड अन् आतून बोट फिरव. पातळ तपकिरी थर असेल तर चालतं, काळा डांबरासारखा गाळ निघाला तर ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नाही, अन् दुधाळ चहासारखं काही दिसलं तर पाणी ऑइलमधे जातंय, निघून ये. चारही प्लग काढ, ओळीनं बॉनेटवर ठेव, चौघांचा रंग सारखा पाहिजे, एकच ओला काळा असेल तर त्या सिलिंडरकडे लक्ष ठेव. नंतर सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण दाबून, चांगल्या बॅटरीवर कॉम्प्रेशन घे. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती आला ते पाह, दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मी घेत नाही. ज्याचं कमी आलं त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत घे, वाढलं तर रिंग गेल्या, नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. शेवटी ब्लॉकवर जिथं नंबर ठोकलाय तिथं चिंधीनं पुसून टॉर्च आडवी धर, घासल्याच्या रेघा दिसतात का, आकडे एका ओळीत आहेत का. शंका आली तर कितीही स्वस्त असो, नको. त्या गाडीच्या आरसीची झेरॉक्स अन् पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नको, हीच पावती उद्या आरटीओत दाखवायची आहे.

बसवताना टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, मागची मेन ऑइल सील अन् क्लचचा संच हे इंजिन बाहेर असतानाच बदल. बाहेर असताना अर्ध्या तासाचं काम, आत गेल्यावर तेच दोन दिवसांचं.

शाफ्टचं एक पाहून घे, विशेषतः उद्या कधी १.६ करशील तेव्हा. गाडी जॅकवर पूर्ण उचल, चाकं लोंबकळू दे, शाफ्ट हातानं आत-बाहेर कर, थोडा प्ले, म्हणजे मोकळीक, असला पाहिजे. मग चाकाखाली जॅक लावून सस्पेन्शन पूर्ण दाब अन् परत पाह. दोन्ही टोकांना प्ले आहे तर माउंट बरोबर बसले. कुठं ताठ झाला तर माउंट सरकव, अन् म्हणूनच फॅब्रिकेशनवाल्याला पहिले नुसते टॅक (वेल्डिंगचे कच्चे टाके) मारायला सांग, पक्कं वेल्डिंग हे सगळं पाहून झाल्यावर.

आता नागपूरचं खास. २०१३ च्या मे मधे आपल्याकडे ४७.९ ची नोंद झाली होती, अन् ४५ तर दरवर्षीचंच आहे. २५ डिग्रीला इंजिन जेवढी हवा ओढतं त्यापेक्षा ४५ ला जवळपास सहा टक्के कमी ओढतं, म्हणजे तू कागदावर मिळवलेल्या पॉवरमधून थोडी सूर्यच घेऊन जातो. त्यामुळे एअर फिल्टर बॉनेटखाली उघडा लावू नको, आवाज छान येतो पण तो रेडिएटरची गरम हवा पितो, त्यापेक्षा कंपनीचा डबा ठेव अन् त्याचं नाक ग्रिलच्या मागे ने. रेडिएटर एमपीएफआयचाच घे, पंखा श्राउडसकट (त्याच्याभोवतीचं कव्हर). अन् कोणी मिस्त्री म्हणाला की थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी थंड राहील, तर त्याला नमस्कार कर. थर्मोस्टॅट काढला की हिवाळ्यात इंजिन पूर्ण गरमच होत नाही, ईसीयूला वाटतं इंजिन थंड आहे, तो पेट्रोल ओतत राहतो, ऑइल पातळ होतं अन् मायलेज जातं ते वेगळंच.

माझ्याकडे एक झेन आली होती, दुसरीकडे १.३ घालून आणलेली. पोट्टा म्हणे गावात टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही, समृद्धी महामार्गावर शंभरच्या वर दहा मिनिटं धरली की लालकडे. त्यानं पंखे बदलले होते, दोन लावले होते. पण सिग्नलला गरम होत असेल तर पंखा, अन् वेगात गरम होत असेल तर पंख्याचा काय संबंध, वेगात हवा तशीही येते. रेडिएटर वन-लीटरचाच होता, वरून बंपर बदललेला, त्यातली खालची जाळी बंद. मोठा रेडिएटर अन् जाळी उघडली, विषय संपला.

ब्रेक. हे मी गिऱ्हाईकाला इंजिनाच्या आधी करायला लावतो अन् त्यावरून भांडणं पण होतात. पुढच्या डिस्क, पॅड, होज, मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइल अन् मागचे ड्रम, सगळं नवं, टायर चांगले, सस्पेन्शनचे बुश नवे. हे केल्यावर तुझी आहे तीच ६५ बीएचपीची एस्टीम एवढी वेगळी वाटेल की कदाचित इंजिनाची घाईच संपेल.

तर तुझ्यासाठी: रोज हिंगणा असेल तर जी१३बीबी, पूर्ण डोनर एस्टीमसकट, आधी आरटीओत विचारून. कार्ब्युरेटरच्या जागी एमपीएफआय म्हणजे पण बदलच, म्हणून ते त्यांच्याकडून ऐकून घे, माझ्या भरवशावर नको. दीड लाखातले मी साधारण निम्मे डोनर अन् इंजिनाला धरतो, उरलेल्यातले बरेचसे ब्रेक, टायर, कूलिंगला, अन् थोडे बाजूला, कारण काहीतरी निघतंच. डोनरचं राहिलेलं भंगार विकून थोडे परत येतात, ते धरू नको, आले तर आले. अन् गाडी रस्त्यावरून पूर्ण काढून फक्त ट्रॅकसाठीच ठेवायची असं ठरवलंस तर १.६, पण तेव्हा पण पूर्ण बलेनो भेटली तरच, २००७ नंतर ती बनलेली नाही अन् तिचे पार्ट आता शोधावे लागतात. टर्बोचा विचार डोक्यात असेल तर आत्ता सोड, ४५ डिग्रीत जुन्या इंजिनाला बूस्ट देणं हा वेगळा विषय आहे अन् त्याचं बजेट पण वेगळं.

पुढचं सांगायला मला तीन गोष्टी पाहिजेत. आत्ताच्या गिअरबॉक्सचा तिसऱ्या गिअरमधे आवाज येतो का, पुढच्या माउंटिंगजवळ चेसिसला कुठं वेल्डिंग झालंय का, अन् आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी जुळतो का. हा शेवटचा आजच पाह. काकांनी कधी इंजिन बदलून घेतलं असेल अन् आरसीवर चढवलं नसेल तर ते पहिले निस्तरावं लागेल.